सहावी ते आठवीचे शिक्षण आणि पालक (ग्रामीण विदर्भ)

उच्च प्राथमिक वर्गांत, म्हणजे सहावी ते आठवीत, मूल काय शिकते आहे हे पालकांना त्यांच्या ओळखीच्या व्यवहारातून कळावे यासाठी शाळेने करायचे काम. पालकसभा, गृहभेट, प्रगतिपत्रक समजावून सांगणे, चावडीवाचन (मुलांनी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवणे) आणि बालआनंद मेळावा ही त्याची प्रचलित रूपे आहेत. नागपूर आणि अमरावती विभागांच्या अकराही जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या, खासगी अनुदानित आणि आश्रमशाळांत ते कमीअधिक प्रमाणात चालते.

पालकांच्या हातून धागा सुटतो तो बहुधा सहावीत. चौथी-पाचवीपर्यंत शाळा गावातच असते, गुरुजी ओळखीचे असतात आणि पाढे किंवा वाचन घरी कुणीतरी ऐकून घेऊ शकते. पुढे लहान गावातले मूल सायकलने किंवा एसटीने शेजारच्या मोठ्या गावी जाऊ लागते. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी अशी अपेक्षा आहे. एका वर्गशिक्षकाच्या जागी विषयवार शिक्षक येतात. पूर्णांक संख्या, समीकरणे, भौमितिक रचना पुस्तकात दिसू लागतात. सेमी इंग्रजी असेल तर गणित आणि विज्ञान इंग्रजीत येते आणि दहावी झालेल्या बापालाही वही अनोळखी वाटते. मग पालकसभेत ठरलेले वाक्य ऐकू येते : “आमाले काय समजते जी, तुमीच पाहा.” शिक्षकांच्या खोलीत याचा अर्थ अनेकदा उदासीनता असा लावला जातो. तो अन्यायाचा आहे. कर्ज असताना मुलीला सायकल घेऊन देणारा माणूस तिच्या शिक्षणाबद्दल उदासीन नसतो. त्याला शाळेत बोलायचा संकोच असतो आणि तो दूर करण्याची जबाबदारी शाळेची आहे.

कायदाही तेच सांगतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला असतात. प्रत्यक्षात समितीच्या बैठकीचा वेळ वर्गखोलीचे छत, पोषण आहार आणि गणवेश यांतच जातो. हे विषय गरजेचे आहेतच. पण सातवीतल्या किती मुलांना भागाकार येतो, हा प्रश्नही त्याच बैठकीचा आहे आणि तो विचारण्याचा अधिकार पालकांना आहे.

प्रगतिपत्रक. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षभरातले तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय, चाचणी इत्यादींवरून होते ते आकारिक मूल्यमापन; सत्राच्या शेवटी होते ते संकलित. पाचवी-सहावीला दोन्हींना ५०-५० गुण, सातवी-आठवीला आकारिकला ४० आणि संकलितला ६०, अशी विभागणी ठरली. गुणांवरून श्रेणी दिली जाते : ९१ ते १०० ला अ-१, ७१ ते ८० ला ब-१, ३३ ते ४० ला ड, आणि ३३ च्या खाली इ-१ व इ-२.

पालकाला हवे ते या अक्षरात नसते. गणितात ब-१ मिळालेल्या दोन मुलींपैकी एकीचे अपूर्णांक कच्चे असतील, दुसरीची भूमिती. पत्रकावर दोघी सारख्याच. वर्णनात्मक नोंदीत ‘अभ्यासात प्रगती चांगली’ असे लिहिले असेल तर तिचाही उपयोग नाही. पत्रकासोबत वही उघडावी, मुलीला एक उदाहरण तिथेच सोडवायला लावावे, कुठे अडते ते पालकाला दाखवावे. सही किंवा अंगठा घेऊन पत्रक परत ठेवणे म्हणजे पालकांशी बोलणे नव्हे.

आणखी एक घोळ परीक्षेचा. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही या तरतुदीचा अर्थ अनेक घरांत ‘वर गेला म्हणजे सगळे येते’ असा घेतला गेला. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा ठेवली आहे. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा, तीही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहते. हे आठवीच्या निकालादिवशी कळून उपयोग नाही.

घरचे गणित. या कामात सर्वांत फळ देणारी वाट हीच आहे. बालभारतीच्या पुस्तकांतला बराच भाग पालक रोज वापरतात, फक्त त्याला धड्याचे नाव देत नाहीत. सातवीत समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात १२ बाया लावल्या तर रोवणीला ४ दिवस लागतात, १६ लावल्या तर ३, हे बायांचा गट नेणाऱ्या बाईला तोंडपाठ असते. हेच व्यस्तप्रमाण. वऱ्हाडात कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितके किलो तितके पैसे, हे समप्रमाण. सहावीतल्या सरळव्याजाला बचत गटाचे पासबुक चालते : शेकडा २ रुपये महिना म्हणजे दरसाल २४ टक्के, हे मुलीने आईसमोर मांडले की आईला धडा कळतो आणि मुलीला व्याज कळते. गवंडी पाया आखताना ३, ४ आणि ५ फूट मापून कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणतो. पायथागोरसचा सिद्धांत सातवीतच आहे. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन आहे आणि पालकांत ग्रामपंचायत सदस्य असतातच. सातवीच्या भूगोलात मृदा आणि कृषी आहे. काळ्या जमिनीबद्दल वर्गात बोलायला शेतकऱ्याहून योग्य पाहुणा मिळणे कठीण.

सगळेच असे जोडता येत नाही. बैजिक राशींना शेतात जोड शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे पालकाने एवढेच विचारावे : “आज काय शिकवलं, मले सांग.” मूल अडखळले तर समजलेले नाही, इतके ऐकणाऱ्या कुणालाही कळते.

बालआनंद मेळाव्यात मुले भाजी, चिवडा, भजी विकतात. शाळेने दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना खर्च, विक्री, नफा-तोटा आणि शेकडा नफा फळ्यावर मांडायला लावून पालकांना बोलावले, तर तो मेळावा गणिताचा होतो. नाहीतर तो नुसता खाऊचा राहतो. चावडीवाचन मुख्यतः लहान वर्गांसाठी योजले जाते, पण आठवीच्या मुलाने चावडीवर वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचून समजावले तर ऐकणारे थांबतात.

ओळखीच्या कामातून शिक्षण आणि ते पालकालाही दिसावे, या कल्पनेला विदर्भाच्या मातीत जुने मूळ आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या आणि झाकिर हुसेन समितीने आराखडा दिलेल्या नई तालीममध्ये सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाभोवती द्यायचे होते. मुलाने कातलेले सूत अक्षर न येणाऱ्या आईलाही पारखता येई.

वेळ आणि भाषा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यानंतर, जूनच्या शेवटी उघडतात. लगेच पेरणी आणि रोवणी. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापूस, उन्हाळ्यात पूर्वेकडे मोहफुले आणि तेंदूपत्ता. दुपारी बारा वाजता बोलावलेली सभा म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. सभा संध्याकाळी, पोड-टोले-वस्तीवर जाऊन किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी घेतली तर माणसे येतात. मेळघाटात घरी कोरकू, भामरागडकडे माडिया, यवतमाळच्या पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर) कोलामी बोलली जाते. तिथे सभेला ती भाषा बोलणारा मोठा माणूस लागतो. मुलालाच स्वतःच्या प्रगतीचा दुभाषी करू नये. आश्रमशाळेत पालक दिवाळीनंतर मूल सोडायला येतात, तोच बोलण्याचा दिवस. त्या दिवशी विषयशिक्षक शाळेत हजर हवेत.

शिष्यवृत्तीची माहितीही याच संवादाचा भाग आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे आणि निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. परीक्षेला बसायला मात्र सातवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. म्हणून ही गोष्ट सातवीच्या पहिल्याच पालकसभेत सांगावी आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून कधी काढायचा तेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.