एकविसावा दिवस उलटला, अंडं अजून गप्प

एकविसावा दिवस मावळतो. कोंबडीची अंडी उबवायला ठेवलेल्या इन्क्युबेटरच्या काचेला आपण डोळे लावून बसलेलो, आणि आत एकाही टरफलाला तडा नाही. बाविसावा उजाडतो, तरी तेच. अशा वेळी माणूस दोनपैकी एक चूक करतो. कंटाळून सगळी अंडी फेकून देतो आणि त्यात एखादं जिवंत पिल्लू जातं. नाहीतर काळजीपोटी टरफल सोलायला घेतो आणि चांगलं पिल्लू रक्तस्रावाने हातातच मरतं. दोन्ही मला अजून चटका लावतात, कारण आत जीव आहे की नाही हे बाहेरून बरंचसं कळतं.

आधी मोजणी तपासावी. अंडी ठेवली तो दिवस शून्य धरायचा आणि २४ तास भरल्यावर पहिला दिवस मोजायचा. सोमवारी संध्याकाळी ठेवलेल्या अंड्यांचे २१ दिवस सोमवारी संध्याकाळीच भरतात. ठेवल्याचा दिवस पहिला धरला की रविवारीच जिवाला घोर लागतो. मग तापमान. पंखा असलेल्या यंत्रात ते ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस हवं. पूर्ण तीन आठवडे अर्धा अंश कमी राहिलं तरी पिल्लं दिवसभर मागे पडू शकतात, आणि साधा थर्मामीटर तेवढा सहज चुकतो. ठेवण्याआधी आठवड्यापेक्षा जास्त साठवलेली अंडीही उशीर करतात. म्हणून तेविसावा दिवस संपेपर्यंत मी काहीच टाकत नाही. तापमान कमी राहिल्याची शंका असेल तर पंचविसाव्यापर्यंत थांबतो.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत आत जे चालतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. आतून त्याला लागून रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असलेला पडदा पसरलेला असतो आणि पिल्लू इतके दिवस त्याच्यातूनच श्वास घेतं. त्याच छिद्रांतून पाणी हळूहळू उडून जातं आणि बोथट टोकाकडचा हवेचा कप्पा मोठा होत जातो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी उतरलेलं असतं. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी छिद्रांतून येणारा प्राणवायू वाढलेल्या पिल्लाला अपुरा पडू लागतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, मानेचा स्नायू झटके देऊ लागतो आणि चोच पडदा फोडून हवेच्या कप्प्यात शिरते. फुप्फुसांचा पहिला श्वास तो. तिथून टरफलाला पहिली टोच पडेपर्यंत २४ तास लागू शकतात, आणि टोच पडल्यावर बाहेर यायला आणखी तेवढेच. या काळात उरलेला बलक पोटात ओढला जातो आणि पडद्यातलं रक्त अंगात परत घेतलं जातं. बाहेरून आपल्याला पिल्लू अडकलंय असं वाटतं, तेव्हा आत हे काम चालू असतं. घाईने सोललेलं टरफल रक्ताने भरलेल्या वाहिन्या फाडतं.

तपासणी नेहमी सर्वांत कमी धक्क्याच्या उपायापासून सुरू करावी. एक पथ्य मात्र आधी पाळायचं: यंत्रातल्या एकाही अंड्याला बाहेरून टोच पडली असेल, तर झाकण उघडायचं नाही. ओलावा झपकन उतरतो, टोच पडलेल्या अंड्यातला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो आणि ते खरोखरच अडकतं.

पहिलं साधन कान. अंडं कानाशी धरून टरफलावर नखाने हलकी टिचकी मारली तर कधी आतून बारीक चिवचिव येते, कधी टकटक. ब्रिटिश संशोधक मार्गारेट व्हिन्स यांनी १९६०च्या दशकात लाव्यांच्या अंड्यांवर प्रयोग करून दाखवलं की एकमेकांना टेकलेल्या अंड्यांतली पिल्लं अशा आवाजांवरून आपली वेळ जुळवून घेतात. नाकही वापरावं. सडका वास, टरफलावर घामासारखे थेंब किंवा पाझर दिसला तर ते अंडं लगेच बाहेर काढावं, कारण आत साचलेल्या वायूने ते फुटलं तर जंतू सगळ्या अंड्यांवर उडतात.

त्यानंतर टॉर्च. खोलीत पूर्ण अंधार करून बोथट टोकाला उजेड धरायचा. माझ्या एका अंड्याची बाविसाव्या रात्रीची गोष्ट सांगतो. खालचा दोन तृतीयांश भाग काळाकुट्ट होता आणि वर हवेचा कप्पा पिवळसर उजळलेला. त्याची कड सरळ नव्हती, एका बाजूने उतरती झाली होती. त्या कडेवर बोटाच्या पेराएवढी सावली होती. मी श्वास रोखून पाहत राहिलो. सावली दोनदा टोकदार झाली आणि मागे सरली. ती चोच होती. अंडं परत ठेवलं, तेविसाव्या दिवशी दुपारी पिल्लू बाहेर आलं.

कड उतरती असणं, कडेलगत लाल वाहिन्या दिसणं, सावली हलणं या जिवंतपणाच्या खुणा. अंडं कलंडवताना आतला ऐवज पाण्यासारखा डुचमळत असेल, वाहिन्या दिसत नसतील आणि रंग करडा-मळकट झाला असेल, तर आशा जवळपास संपली. आरपार उजेड जाणारं अंडं बहुधा फलितच नव्हतं. आत लाल कडं दिसलं तर गर्भ पहिल्या आठवड्यातच गेला.

उबेचीही मदत होते. वाढ पूर्ण झालेलं पिल्लू स्वतः उष्णता तयार करतं, त्यामुळे त्याचं अंडं त्याच यंत्रातल्या मेलेल्या अंड्यापेक्षा किंचित गरम लागतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने शेजारची अंडी मोजली की फरक दिसतो.

पाण्यात सोडून पाहण्याची पद्धत फार सांगितली जाते. माझं मत तिच्याविरुद्ध आहे. एवढ्या दिवसांनी हवेचा कप्पा मोठा झालेला असल्याने मेलेलं अंडंही तरंगतं, त्यामुळे तरंगण्यावरून काहीच ठरत नाही. पाणी स्थिर झाल्यावर अंडं आपोआप डुललं तरच आत जीव आहे म्हणायचं. पिल्लू झोपलेलं असेल तर तेही होत नाही. शिवाय ओल्या टरफलातून जंतू आत जातात, आणि न दिसलेला तडा असेल तर पिल्लू बुडतं. करायचंच असेल तर तडा नसल्याची खात्री करून, ३८ अंशांच्या स्वच्छ पाण्यात आणि मिनिटभरच.

पंचविसावा दिवसही गेला आणि शंका फिटली नाही, तर हवेच्या कप्प्याच्या बरोबर मधोमध, जिथे रक्तवाहिनी नसते, स्वच्छ सुईने छोटं भोक पाडावं. टरफलाचा कण दूर करून आतल्या पांढऱ्या पडद्यावर कोमट पाण्याचा एक थेंब सोडला की तो पारदर्शक होतो. खाली ताज्या लाल वाहिन्या दिसल्या तर पिल्लू जिवंत आहे. भोक तसंच ठेवून अंडं यंत्रात परत ठेवावं.

काहीच दिसलं नाही तर अंडं घराबाहेर, हातमोजे घालून फोडून पाहावं. डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडी ठेवताना बोथट टोक वर होतं का, हे आठवून पाहावं. पूर्ण वाढलेलं पिल्लू वाळक्या पडद्यात गुंडाळलेलं सापडलं, तर शेवटच्या तीन दिवसांत ओलावा कमी पडला. आत पाणी साचून पिल्लू सुजल्यासारखं दिसलं, तर आधीचे अठरा दिवस ओलावा जास्त होता.