फिंकनवाल्ड : एका सेमिनरीच्या दिनचर्येमागचा इतिहास

सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या निवासी शाळेत, एकत्र कसे राहावे, मुख्याने विद्यार्थ्यांत कसे वागावे, हा विषय निघाला की प्रोटेस्टंट वर्तुळात नाझी काळातल्या जर्मनीतल्या फिंकनवाल्ड सेमिनरीचे नाव निघतेच. तिथली दिनचर्या पुष्कळ ठिकाणी उचलली जाते. ती कोणत्या गरजेतून आली हे मात्र मागे राहते, आणि मग सकाळचे मनन ही वेळापत्रकातली आणखी एक तासिका होऊन बसते.

सप्टेंबर १९३३ मध्ये प्रशियाच्या प्रोटेस्टंट चर्चने ज्यू वंशाच्या पाळकांना सेवेबाहेर ठेवणारा नियम स्वीकारला. नाझींच्या या शिरकावाला विरोध करणारे मे १९३४ मध्ये बार्मेनला एकत्र आले आणि कन्फेसिंग चर्च उभे राहिले. ऑक्टोबरात डालेमच्या सभेने आणखी पुढे जाऊन ठरवले की सरकारधार्जिण्या चर्चचा अधिकार मानायचा नाही, उमेदवारांचे शिक्षण, परीक्षा आणि दीक्षा आपली आपण करायची. त्यासाठी पाच सेमिनऱ्या निघाल्या. विद्यापीठात धर्मशास्त्र शिकून आलेल्या तरुणांनी तिथे सुमारे सहा महिने राहून पाळकपणाची तयारी करायची होती. त्यांतल्या एकीची जबाबदारी २९ वर्षांच्या डीट्रिख बोनहोफर यांच्याकडे आली.

बोनहोफर तेव्हा लंडनमधल्या जर्मन मंडळ्यांचे (चर्चच्या स्थानिक समुदायांचे) पाळक होते आणि त्यांना ओढ होती ती गांधीजींच्या आश्रमाची. गांधीजींचा मुक्काम त्या काळात वर्ध्याला असे. १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्रात गांधीजींनी त्यांना कळवले की मी तुरुंगाबाहेर आणि एका जागी असलो तर माझ्याजवळच राहा, नाहीतर माझ्या देखरेखीखालच्या एखाद्या संस्थेत. साधे शाकाहारी जेवण चालणार असेल तर राहण्याजेवण्याचा खर्च नाही. सेमिनरीसाठी मायदेशी बोलावणे आल्याने ही भेट राहून गेली. जर्मनीला परतण्यापूर्वी त्यांनी इंग्लंडमधल्या केलहम आणि मिरफिल्ड इथल्या अँग्लिकन बंधुसंघांचे, म्हणजे एकत्र राहणाऱ्या धार्मिक समुदायांचे, जीवन जवळून पाहिले. फिंकनवाल्डच्या दिनचर्येवर त्याची छाप स्पष्ट आहे.

सुरुवात २६ एप्रिल १९३५ रोजी बाल्टिक किनाऱ्यावरच्या झिंग्स्टला झाली. पहिल्या तुकडीत २३ जण होते. तिथली एक घटना बोनहोफरांचे विद्यार्थी आणि पुढे चरित्रकार झालेले एबरहार्ड बेथगे यांनी नोंदवली आहे. स्वयंपाकघरातून भांडी घासायला मदत हवी असा निरोप आला. कोणी हलले नाही. बोनहोफर काही न बोलता टेबलावरून उठले आणि आत गेले. ओशाळून मागे आलेल्यांना त्यांनी आत घेतले नाही. नंतर किनाऱ्यावर सगळ्यांत येऊन बसले, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या नेतृत्वाची सगळी रीत आमच्या मते या एका प्रसंगात आहे. ‘संचालक साहेब’ नको, ‘बंधू बोनहोफर’ म्हणा, असे त्यांनी सांगितलेच होते. पण त्या संबोधनाला वजन आले ते अशा वागण्याने.

जूनमध्ये सेमिनरी श्टेटिनजवळच्या फिंकनवाल्डला हलली. हे ठिकाण आज पोलंडमध्ये आहे. घर मोठे पण रिकामे होते. विद्यार्थ्यांनी पद्यात विनंतीपत्रे रचून मंडळ्यांकडून सामान मिळवले. एकदा मालधक्क्यावरून फोन आला, पाळक बोनहोफर यांच्या नावे जिवंत डुक्कर आले आहे!

दिवसाची सुरुवात आणि शेवट जेवणाच्या टेबलाभोवतीच्या लांब उपासनेने होई : स्तोत्रे, गीत, जुन्या आणि नव्या करारातले पाठ, मग प्रार्थना. न्याहारीनंतर अर्धा तास मौन मनन. आठवडाभर बायबलमधला तोच छोटा उतारा घ्यायचा, तोही लूथरच्या जर्मन भाषांतरात. मूळ ग्रीक नाही, शब्दकोश नाही, टीकाग्रंथ नाहीत. विद्यापीठातून आलेल्यांना उताऱ्याची चिरफाड करायची सवय होती, म्हणून हे सगळे मुद्दाम काढून घेतलेले. अडचण इथेच आली. कुणाला डुलकी लागे, कुणी पाइप ओढत बसे, कुणाला काय करायचे तेच कळेना. बोनहोफर बाहेरगावी गेले तेव्हा काहींनी मनन सोडूनच दिले. परत आल्यावर मोकळी चर्चा झाली. मनन रद्द झाले नाही, मात्र आठवड्यातून एखाद-दोनदा ते एकत्र बसून, मनातले बोलून दाखवत होऊ लागले. आजही मनन फसते ते बहुधा याच कारणाने : वेळ नेमून दिली जाते, बसायचे कसे हे कोणी शिकवत नाही.

घराचा एक नियम होता. गैरहजर बंधूबद्दल त्याच्या पाठीमागे बोलायचे नाही, आणि बोललेच तर त्याला जाऊन सांगायचे. तो वरचेवर मोडला जाई. तरी प्रवचनांतून जेवढे शिकले जवळजवळ तेवढेच विद्यार्थी या नियमातून शिकले, असे बेथगे सांगतात. प्रभुभोजनापूर्वी (भाकर-द्राक्षारसाच्या विधीपूर्वी) एखाद्या बंधूजवळ खासगीत पापकबुली द्यायची मुभा होती, सक्ती नव्हती.

सप्टेंबर १९३५ मध्ये बोनहोफरांनी चर्चकडे बंधुगृहाची परवानगी मागितली. सहा महिन्यांनी तुकडी निघून गेली की घराची रीत पुढच्या तुकडीपर्यंत पोचवणार कोण, हा रोखठोक प्रश्न त्यामागे होता. काही तरुण पाळकांनी तिथेच राहावे, उत्पन्न एकत्र ठेवावे, अडलेल्या मंडळीने हाक मारली की जावे आणि वाटेल तेव्हा बाहेर पडायलाही मोकळे असावे, अशी ती योजना. यावर ‘हे कॅथलिक वळण आहे’ अशी कुजबुज झाली. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनाही त्यात मठाचा वास आला. पण ही माणसे जगापासून पळून आलेली नव्हती. २ डिसेंबर १९३५ च्या सरकारी आदेशाने अशा सेमिनऱ्या बेकायदा ठरल्या, तरी काम सुरूच राहिले. पुढे एकेका गावात एकट्याने पोलिसांना तोंड द्यायचे होते, त्याची ही तयारी होती.

सप्टेंबर १९३७ च्या अखेरीस नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, घराला टाळे ठोकले. त्या वर्षाच्या शेवटापर्यंत फिंकनवाल्डच्या २७ माजी विद्यार्थ्यांना कमीअधिक काळ अटक झाली होती. प्रशिक्षण पोमेरेनियातल्या कोसलिन आणि ग्रोस-श्लोनविट्झ भागात, कागदोपत्री स्थानिक पाळकांचे मदतनीस दाखवून, मार्च १९४० पर्यंत चालले. विखुरलेल्यांना परिपत्रके जात. त्यांत अटकेची, बदलीची खबर असे, आणि मननासाठी आठवड्यांचे उतारे नेमून दिलेले असत. ज्याच्या हाती ते पडे त्याला कळे की या आठवड्यात बाकीचे बंधू याच ओळींपाशी बसले आहेत.