सागरी जैवतंत्रज्ञान व जैवमाहितीशास्त्र : शालेय शिक्षकांचे प्रशिक्षण (सातारा–सांगली)

समुद्रातील सजीवांचा व त्यांच्यापासून मिळणाऱ्या पदार्थांचा औषधे, अन्न आणि उद्योग यांसाठी उपयोग करणारे शास्त्र म्हणजे सागरी जैवतंत्रज्ञान. डीएनए आणि प्रथिने यांची अक्षररूप माहिती संगणकावर साठवणे, शोधणे व ताडून पाहणे हे जैवमाहितीशास्त्राचे काम. माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षकांना हे विषय शिकवता यावेत म्हणून करावयाच्या तयारीचा विचार येथे सातारा आणि सांगली या जिल्ह्यांपुरता केला आहे. दोन्ही जिल्हे घाटावरचे, किनारा एकालाही नाही.

तरीही समुद्र वाटतो तितका दूर नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा सांगलीवरून पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनेचे बरेचसे पाणी मात्र वीजनिर्मितीनंतर सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत उतरते आणि अरबी समुद्रात जाते. एका जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते, हे कराडच्या मुलाला नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड, विटा, जत असा विजापूरकडे जाणारा रस्ताही याच दोन जिल्ह्यांतून जातो.

राज्याच्या पाठ्यक्रमात या विषयाला जागा आहे, पण तोकडी. नववीत ‘जैवतंत्रज्ञानाची ओळख’ आणि दहावीच्या दुसऱ्या भागात ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ हे धडे आहेत. समुद्र त्यांत मुख्यतः नीलक्रांतीच्या, म्हणजे मासे व इतर जलचरांच्या उत्पादनवाढीच्या, निमित्ताने डोकावतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सुचवले आहे. जिल्हा पातळीवर असे काम करणारी यंत्रणा म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, शिक्षकांच्या बोलण्यातले ‘डाएट’. या संस्था १९८६ च्या धोरणातून उभ्या राहिल्या.

सुरुवात कुठून करावी? समुद्राच्या चित्रफितीपेक्षा किराणा दुकानातले चायना ग्रास बरे. फालुदा किंवा पुडिंगसाठी आणलेली ही पांढरी पट्टी म्हणजे अगर, लाल समुद्रशैवालापासून काढलेले. १८८० च्या सुमारास जीवाणू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत. ते शरीराच्या तापमानाच्या आसपासच वितळे आणि काही जीवाणू तर ते फस्तच करत. जर्मन जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस स्वयंपाकात अगर वापरत. त्यांनी ते सुचवले आणि जीवाणूशास्त्राची सोय झाली. अगर साधारण ८५ अंश सेल्सिअसला वितळते, पण गोठते ते ४० अंशांच्या खाली आल्यावर. दोन तापमानांतली ही तफावत शिक्षकांनी पातेले, गॅस आणि थर्मामीटर घेऊन स्वतः मोजावी. पाकीट घेताना साधे, बिनसाखरेचे घ्यावे. जेलीचे तयार मिश्रण चालत नाही. जीवाणू वाढवलेली ताटली चिकटपट्टीने बंद ठेवावी, मुलांना उघडू देऊ नये आणि टाकण्याआधी तीत ब्लीच ओतावे. हे शेवटचे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले बरे.

दुसरे उदाहरण मिरजेतले. दवाखान्यांच्या या गावात सलाइनची बाटली कोणी पाहिली नाही असे घर सापडणार नाही. इंजेक्शने आणि सलाइन यांत जीवाणूंचे विषारी अंश उरलेले नाहीत ना, हे तपासायला हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या निळ्या रक्तापासून केलेले द्रव्य वापरतात. अमेरिकेत या चाचणीला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. (नावात क्रॅब असला तरी हा खेकडा नव्हे, कोळ्यांचा नातेवाईक.) आता त्याऐवजी जनुकतंत्राने बनवलेले प्रथिनही वापरात येत आहे. यापुढची यादी लांबवता येते : ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळे केलेले हिरवे चमकणारे प्रथिन आणि त्यावरच्या कामाला मिळालेले २००८ चे नोबेल, शंखगोगलगायीच्या विषावर आधारलेले वेदनाशामक झिकोनोटाइड. पण सलाइनची बाटली वर्गात जास्त काळ लक्षात राहते.

डीएनए डोळ्यांनी दाखवण्यासाठी सातारा जिल्ह्याला सोयीचे फळ घरचेच आहे. लागवडीच्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे डीएनए भरपूर. कुस्करलेली स्ट्रॉबेरी, मीठ, भांडी घासायचा लिक्विड साबण आणि फ्रीजरमध्ये गार केलेले स्पिरिट एवढ्यावर काम भागते. साबण पेशींची पटले फोडतो, मीठ डीएनएचे धागे एकत्र यायला मदत करते, गार स्पिरिटमध्ये ते विरघळत नाहीत आणि पांढऱ्या गुंत्यासारखे वर येतात. काडीवर गुंडाळलेला तो गुंता पाहून शिक्षकही हरखतात. त्यात थोडे पेक्टिन व प्रथिनेही असतात आणि डीएनएच्या रेणूचा पीळदार जिन्यासारखा आकार, दुहेरी सर्पिल, काही त्यात दिसत नाही, हे मात्र सांगावे लागते. हंगाम नसेल तेव्हा केळे किंवा कांदा घ्यावा.

जैवमाहितीशास्त्राचा भाग जास्त जिव्हाळ्याचा, कारण इथे किनाऱ्याची अट उरत नाही. जेनबँक हे डीएनए अनुक्रमांचे (त्यातील अक्षरांच्या क्रमांचे) खुले भांडार १९८२ पासून चालू आहे. त्यात जुळणी शोधणारी ब्लास्ट ही प्रणाली १९९० ची. २००४ मध्ये अटलांटिक महासागरातील सारगासो समुद्राच्या पाण्यातून सुमारे १२ लाख नवी जनुके नोंदली गेली, आणि जगभरच्या महासागरांतून नमुने गोळा करणाऱ्या २००९ ते २०१३ मधील तारा ओशन्स मोहिमेतून सुमारे ४ कोटी. ही माहिती विट्याच्या शाळेतल्या संगणकावर जितकी उघडते, तितकीच मुंबईत.

पहिला तास मात्र संगणकाविना घ्यावा. ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरे लिहिलेल्या कागदी पट्ट्या एकाखाली एक ठेवून फरक मोजायचे, तक्ता करायचा आणि पेन्सिलीने वंशवृक्ष काढायचा. क्रम उलटा झाला की प्रशिक्षण म्हणजे कुठली बटणे दाबायची याची उजळणी होऊन बसते. पट्ट्यांनंतर बांगड्याच्या सीओआय या, प्राण्यांच्या जाती ओळखायला वापरतात त्या जनुकातली सुमारे ६५० अक्षरे ब्लास्टला द्यावीत. पडद्यावर रास्ट्रेलिजर कानागुर्टा हे बांगड्याचे शास्त्रीय नाव येते आणि शेजारी ई-व्हॅल्यू शून्य. शाळेत शून्य म्हणजे भोपळा. त्यामुळे काहीतरी चुकले असे वाटून मागे जायचा मोह होतो. ही संख्या सांगते की एवढी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडली असती. म्हणजे ती जितकी लहान तितका निकाल भक्कम. तरी भांडारातल्या काही नोंदींवर नावच चुकीचे असते, म्हणून पहिल्या ओळीवर न थांबता खालच्या आठदहा ओळी वाचायची सवय लावावी.

मग बांगडा, तारली, सुरमई आणि कृष्णेतला चिलापी यांचा वृक्ष. चकचकीत, वीतभर आणि बाजारात शेजारी मांडलेले बांगडा व तारली सख्खे असणार, असा अंदाज बहुतेक जण बांधतात. प्रत्यक्षात बांगडा आणि सुरमई एका कुळातले. तारली हेरिंग या माशाच्या नात्यातली. दूरची नाती ठरवायला मात्र हा एक तुकडा पुरत नाही.

अडचण समुद्राची कमी, भाषेची जास्त. सेमी इंग्लिश वर्गात शब्द इंग्रजी आणि समजावणे मराठी, तर भांडारांची संकेतस्थळे पूर्ण इंग्रजी. ‘अनुक्रम’ आणि ‘सिक्वेन्स’ दोन्ही सांगून पुढे जावे. परिभाषेवर तास घालवण्यात अर्थ नाही. वीज गेली तर काय, याची सोय म्हणून निकालांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात.

शक्य असेल तर शेवटचा दिवस किनाऱ्यावर घालवावा. कराडहून गुहागर सोयीचे. ओहोटीच्या वेळा आधी पाहाव्यात. शैवाल, कालवे, खेकडे जागच्या जागी पाहायचे, फोटो काढायचे, नावे लिहायची. प्रवाळ, समुद्रकाकडी आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, म्हणून घाट चढण्याआधी पिशव्या एकदा तपासून घ्याव्यात, शिक्षकांच्यासुद्धा.