जुनाट सांधेदुखी-कंबरदुखी : गोळी आणि व्यायामाच्या नात्याची पार्श्वभूमी

कंबर किंवा गुडघा वर्षानुवर्षं दुखत असेल तर आधी गोळी घेऊन दुखणं थांबवायचं आणि मग हालचाल करायची, की हालचाल वाढवत गोळी कमी करायची? आज पुनर्वसनाचा, म्हणजे रुग्णाला पुन्हा हिंडतं-फिरतं करणाऱ्या उपचारांचा, कल दुसऱ्या बाजूला आहे. पूर्वी तसं नव्हतं. अ‍ॅस्पिरिन 1899 मध्ये बाजारात आलं, आयबुप्रोफेन 1969 मध्ये. कंबर धरली की गोळी आणि अंथरूण, हाच रिवाज होता.

तो मोडायला अमेरिकेत सिअ‍ॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात सुरुवात झाली. भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांनी तिथे एकाच रुग्णासाठी वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसवले. कुस्तीच्या आखाड्यातल्या जुन्या दुखापतींमुळे ते स्वतःही कायम वेदनेत असत. त्यांचे सहकारी, मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांचं काम मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी साधी गोष्ट हेरली: दुखलं की गोळी आणि दुखलं की आराम, असं चालू राहिलं तर दुखण्याभोवतीच माणसाचा दिवस बांधला जातो. म्हणून त्यांनी औषध घड्याळावर लावलं. दुखो न दुखो, ठरलेल्या वेळी. औषध एका द्रावणात मिसळलेलं असे; चव आणि रंग तोच, आतली मात्रा मात्र काही आठवड्यांत उतरत जाई. चालणंही तसंच. रुग्ण दुखून थांबेपर्यंत किती चालतो ते आधी मोजायचं, सुरुवात त्याहून थोड्या कमी अंतराने करायची आणि रोज ठरल्याप्रमाणे वाढवायचं. बरं वाटतंय म्हणून जास्त नाही, दुखतंय म्हणून कमी नाही.

नंतर गाडी उलटी फिरली. 1986 मध्ये अवघ्या 38 रुग्णांवर आधारलेल्या लेखाने कर्करोग नसलेल्या दुखण्यातही अफूवर्गीय औषधं दीर्घकाळ देता येतील, असा दिलासा दिला. 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय गोळी बाजारात आली. अमेरिकेत विमा कंपन्या अनेक आठवड्यांच्या पुनर्वसनाला पैसे द्यायला नाखूश होत्या आणि गोळी लिहून देणं सोपं होतं. त्यातून व्यसन आणि मृत्यूंची मालिका सुरू झाली. दरम्यान 2004 मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे रोफेकॉक्सिब ही दाहशामक गोळीही मागे घेतली गेली.

2018 मध्ये जुनाट कंबरदुखी आणि खुबा-गुडघ्याच्या झिजेच्या 240 रुग्णांवरचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोजची कामं करण्याच्या क्षमतेत अफूवर्गीय औषधं इतर औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत, वेदनेत तर किंचित मागेच पडली.

मात्र घाईचाही फटका बसला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2016 मध्ये अफूवर्गीय औषधांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांचा कडक अर्थ लावून अनेकांची औषधं एकदम तोडली गेली. वेदना उसळल्या, माणसं खचली. 2022 च्या सुधारित सूचनांत म्हणूनच मात्रा रुग्णाशी बोलून, हळूहळू उतरवायला सांगितलं आहे. सिअ‍ॅटलमध्येही ती हळूहळूच उतरत होती.