लॅकर की डीएमएम? एलपीवरच्या त्या तीन अक्षरांचा घोळ

ऐंशीच्या दशकातल्या युरोपियन एलपीच्या कव्हरवर बऱ्याचदा डीएमएम असा छाप दिसतो आणि लोक धरूनच चालतात की ही डिजिटल रेकॉर्डिंगची खूण, किंवा व्हिनाइल काहीतरी स्पेशल आहे. दोन्ही नाही. डायरेक्ट मेटल मास्टरिंग, बास. तुमच्या हातातली रेकॉर्ड पीव्हीसीचीच असते, मूळ टेप अॅनालॉग असो नाहीतर डिजिटल. फरक एवढाच की लेथवर (तबकडी कोरायच्या यंत्रावर) पहिली ग्रूव्ह, म्हणजे आवाजाची खाच, कशात कापली.

जुनी आणि आजही जास्त चालणारी पद्धत लॅकरची. अॅल्युमिनियमच्या तबकडीवर नायट्रोसेल्युलोजचा थर (नेल पॉलिशमधे असतं तेच), आणि त्यात गरम केलेल्या माणकाच्या किंवा नीलमच्या स्टायलसने (कापायच्या सुईने) ग्रूव्ह कापायची. थर मऊ, त्यामुळे कापणं सोपं, पण मऊ असल्यामुळेच कापल्यावर तो किंचित परत फुगतो आणि बारीक हाय फ्रिक्वेन्सी थोडी बोथट होते. शिवाय लॅकरमधून वीज जात नाही म्हणून आधी चांदीचा फवारा, मग निकेलचा थर, त्यातून फादर (धातूचा उलटा साचा), फादरवरून मदर (सुलटी प्रत), मदरवरून स्टॅम्पर (ज्याने रेकॉर्ड छापतात तो साचा). आणि हे लवकर उरकायला लागतं, कारण लॅकर ठेवून दिलं की ग्रूव्ह खराब होत जाते.

डीएमएम टेल्डेक आणि नॉयमान या जर्मन कंपन्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आणलं. स्टीलच्या तबकडीवर तांब्याचा थर, आणि त्यात हिऱ्याच्या स्टायलसने कट. तांबं परत फुगत नाही, वीजही जाते, म्हणजे चांदी नको आणि ती तबकडीच मदरचं काम करते, तिच्यावरून थेट स्टॅम्पर निघतात.

ऐकताना सगळ्यात पटकन कळतो तो प्री-एको. लॅकरमधे जोराचा आवाज कापताना शेजारच्या ग्रूव्हची भिंत जराशी ढकलली जाते, मग शांत जागी पुढचा आवाज आधीच पुसट ऐकू येतो, मिनिटाला 33⅓ फेरे या वेगाला बरोबर 1.8 सेकंद आधी, कारण तबकडीचा एक फेरा तेवढ्यात होतो. तांब्यात हे जवळपास नाहीच, म्हणून ग्रूव्ह जवळजवळ कापता येतात आणि एका बाजूवर जास्त वेळ मावतो. पण टेपच्या गुंडाळीत एका थराचा आवाज दुसऱ्यावर उमटला असेल तर त्याला डीएमएम काय करणार? तो तसाच उतरणार.

डीएमएम कर्कश वाजतं असं म्हणणारे बरेच आहेत. हाय फ्रिक्वेन्सी टिकतात म्हणून ब्राइट वाटतं हे खरं, पण माझ्या मते कर्कशपणाचं निम्मं पाप मास्टरिंग इंजिनियरने ईक्यू (बास-ट्रेबलचा तोल) नीट न बघितल्याचं असतं, तांब्याचं नाही. उलट खोल, दणदणीत बास हवा असेल तर लॅकर बरं, तांब्यात तेवढं खोल कापायला मर्यादा येते.

6 फेब्रुवारी 2020 ला कॅलिफोर्नियात बॅनिंगमधला अपोलो मास्टर्सचा लॅकर बनवणारा कारखाना जळला तेव्हा जगभर लॅकरची बोंब झाली, मुख्य आधार उरला जपानच्या एमडीसी या लॅकर कंपनीचा. चेक देशातल्या जीझेड मीडियासारख्या, तांब्यावर काम करणाऱ्या प्लांटला त्याची झळ कमी.

स्वतःचं काही प्रेस करून घेणार असाल तर साधा हिशोब, बाजू 22-23 मिनिटांच्या पुढे जातेय किंवा शांत जागा खूप आहेत तर डीएमएम विचारा, 45 च्या वेगावरची डान्स म्युझिकची 12 इंची रेकॉर्ड असेल तर लॅकर.