विजेवर तापणारे जॅकेट आणि खानदेशातील दुचाकी : पार्श्वभूमी

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात धुळे-जळगावकडे पहाटेचा पारा ६ ते ८ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा चांगले ऊन तापते. पहाटे चोपडा-यावल-रावेर रस्त्याने दूध घालायला किंवा केळी कापायला निघालेल्या दुचाकीस्वाराला हवेच्या तापमानापेक्षा वारा अधिक छळतो. ८ अंशांत ताशी ६० किलोमीटरने गाडी चालवली, की उघड्या कातडीला गारवा सुमारे २ अंशांइतका जाणवतो. त्यावरचा पिढीजात उपाय म्हणजे कानटोपी, मफलर आणि स्वेटरच्या आत छातीवर सरकवलेले वर्तमानपत्र. हा कागद वारा चोख अडवतो. ऊब मात्र अंगाचीच असते.

नेमक्या याच जागी भाषेचा घोळ होतो. मराठीत ‘गरम कपडे’ म्हणजे लोकरीचे किंवा जाड कपडे, अर्थात अंगाची ऊब धरून ठेवणारे. त्यामुळे दुकानात ‘गरम जॅकेट’ मागितले की कापूस भरलेले जर्किन पुढे येते, आणि त्यात दुकानदाराची काहीच चूक नसते. ‘थर्मल’ म्हटले तर आतून घालायची बनियन मिळते. ‘विंटर लायनर’ म्हणजे रायडिंग जॅकेटच्या आत चेनने बसणारा थर, आणि त्यातही वीज नसते. ‘हीटेड’ तेवढे वेगळे : कापडात तार किंवा कार्बनचे तंतू शिवलेले असतात आणि ते विजेवर तापतात. ‘हीटेड’ला ‘गरम’ हा प्रतिशब्द योजणाऱ्या जाहिरातींनी हा गोंधळ वाढवला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘विजेवर तापणारे’ हे लांबलचक असले तरी निःसंदिग्ध आहे.

या कपड्यांचे मूळ विमानात आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस उघड्या विमानांतील वैमानिकांसाठी असे पोशाख निघाले. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानांत २४ व्होल्टवर चालू लागले, परंतु सुरुवातीच्या अमेरिकी पोशाखांत सगळी जोडणी एकापुढे एक असल्याने एक तार तुटली की सगळा पोशाखच थंड पडत असे. मोटारसायकलसाठी १२ व्होल्टचे कपडे अमेरिकेत १९७०च्या दशकात आले.

आपल्याकडे मात्र हा विषय कापडापेक्षा वॅटवर अडला. १२ व्होल्टचे जॅकेट साधारण ६५ ते ७५ वॅट, म्हणजे ५ ते ६ अँपिअर ओढते. राजदूत, येझदीच्या ६ व्होल्टच्या काळात हा विचारच शक्य नव्हता. पुढे १०० सीसीच्या गाड्या १२ व्होल्टवर आल्या, तरी अनेकांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलवर चाले. फाटकाजवळ गाडी सावकाश झाली की उजेड मंदावायचा आणि ॲक्सिलरेटर पिळला की वाढायचा, हे येथील प्रत्येकाने पाहिले आहे. अशा गाडीत बॅटरीच्या वाट्याला हॉर्न, इंडिकेटरपुरतीच वीज येई.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम चालू ठेवण्याची सक्ती झाली. समोरच्याला दुचाकी दिसावी हा हेतू रास्त होता; पण जिथे दिवसा ऊन डोळे दिपवते, तिथे दुपारी दिवा कशाला, हा प्रश्न खानदेशात पारापारावर विचारला गेला. थंडीच्या दृष्टीने आक्षेप आणखी वेगळा आहे. ज्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीच्या लाइनवर होता, तिथे दिवस उजाडल्यावर तो बंद करून ३५ वॅट वाचवण्याची मुभाच संपली, आणि तेवढ्यात तापणाऱ्या हातमोज्यांची एक जोडी सहज चालली असती. पुढे एलईडी दिव्यांनी ही तूट बरीचशी भरून काढली, तर २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण नियमांबरोबर आलेल्या फ्युएल इंजेक्शनने पेट्रोलच्या पंपासाठी पुन्हा वीज मागितली.

या ओढाताणीत बाजाराने सोपी वाट धरली : पॉवर बँकवर चालणारे जाकीट. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे अवघे १० वॅट. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर ते जेमतेम तीन तास चालते आणि पाठीवर तळहाताएवढे दोन-तीन ऊबदार ठिपके देते. स्वतःची ७.४ व्होल्टची बॅटरी असलेले हातमोजे त्याहून बरे. हीटेड ग्रिप, म्हणजे हँडलच्या तापणाऱ्या मुठीही अनेक जण लावतात, परंतु त्या तळहात शेकतात आणि वारा बसतो बोटांच्या पाठीवर. छाती-पोट गार पडले की शरीर हातापायांकडचे रक्त आखडते घेते. म्हणून पैसा एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल तर आधी छाती-पोट उबदार ठेवणारे जाकीट घ्यावे आणि ते १२ व्होल्टचे असावे, असे लेखकाला वाटते. अर्थात गाडीचा आल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) तेवढी वीज देत असेल तरच.

जोडणीचा वादही याच इतिहासातून येतो. हँडलजवळच्या यूएसबी सॉकेटवर १२ व्होल्टचे जॅकेट चालत नाही. हॉर्नच्या तारेला जोड मारून वीज घेतली तर फ्यूज उडू शकतो. थेट बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज घालून तार ओढणे योग्य, पण मग चावी काढली तरी वीज चालूच राहते, म्हणून मध्ये चावीवर चालणारा रिले (चावीबरोबर वीज आपोआप चालू-बंद करणारा स्विच) लागतो. जुन्या गाडीची बॅटरी रात्रीतून बसली तरी सकाळी किक मारून गाडी निघे. आताच्या अनेक गाड्यांना किकच नसते, आणि असली तरी बॅटरी पार बसल्यावर इंजेक्शनचा पंप बहुधा चालत नाही.