दोन दारांमधला रुग्ण : मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पार्श्वभूमी

व्यसन आणि मानसिक आजार या दोन्हींनी ग्रासलेल्या माणसाला अमेरिकेत अनेक वर्षे दोन दारांमध्ये हेलपाटे घालावे लागले. व्यसनमुक्ती केंद्रात त्याला आधी आजार आटोक्यात आणायला सांगितले जाई आणि मानसोपचार विभागात आधी दारू सोडून यायला. दोन्ही खात्यांचा निधी वेगळा, प्रशिक्षण वेगळे आणि रुग्णाकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी होती. त्यात 1963च्या सामुदायिक मानसिक आरोग्य कायद्यानंतर मोठी मनोरुग्णालये रिकामी होत गेली. पूर्वी जे भिंतींच्या आत राहिले असते ते तरुण रुग्ण वस्त्यांमध्ये राहू लागले आणि दारू व अमली पदार्थ त्यांच्या हाताशी आले. सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीवर आधारित, 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्किझोफ्रेनिया (भास होणे, नसलेले आवाज ऐकू येणे असा गंभीर मानसिक आजार) असलेल्यांपैकी 47 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी व्यसनाचा विकार जडल्याचे दिसले. दुहेरी निदान, म्हणजे व्यसन आणि मानसिक आजार एकाच माणसात असणे, हा अपवाद नव्हता, हे त्यानंतर नाकारणे कठीण झाले.

त्या काळच्या व्यसनोपचारात कबुलीला फार महत्त्व होते. व्यसनी माणूस मुळातच सत्य नाकारतो, म्हणून त्याचा नकार मोडून काढला पाहिजे, असे मानले जाई. 1958 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सिनॅनॉन या व्यसनमुक्ती संस्थेत तर एकेकाला गटासमोर बसवून त्याच्यावर शब्दांचा भडिमार केला जाई. ज्याच्या कानात आधीच धमकावणारे आवाज घुमत आहेत, त्याच्यावर अशा भडिमाराचा काय परिणाम होत असेल, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांना पडला, याचे आजही वाईट वाटते.

न्यू मेक्सिको विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांच्या 1980च्या संशोधनात, उपचारक जितक्या सहानुभावाने ऐकतो तितके रुग्णाचे पिणे कमी होते, असे आढळले होते. ऐकण्याची ही रीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याकडून आलेली. 1982 साली मिलर नॉर्वेत बर्गनजवळच्या हेलेस्टाड येथील उपचारकेंद्रात गेले असताना तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्यांना रुग्णाशी बोलण्याचे प्रात्यक्षिक करायला लावले आणि मध्येच थांबवून विचारले, की हाच प्रश्न का, रुग्णाच्या एवढ्या बोलण्यातून नेमके हेच वाक्य का उचलले? उत्तरे देता देता मिलर यांना आपलीच पद्धत शब्दांत मांडावी लागली. बदलाची कारणे समुपदेशकाने सांगायची नाहीत, ती रुग्णाच्या तोंडून येऊ द्यायची, हा या पद्धतीचा, म्हणजेच मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा, गाभा. 1983 साली त्यावर लेख आला आणि 1991 साली मानसशास्त्रज्ञ स्टीफन रोलनिक यांच्यासह लिहिलेले पुस्तक.

दुहेरी निदानाच्या रुग्णांना ही पद्धत जवळची ठरली, कारण तिच्यात अजून काहीच न ठरवलेल्या माणसालाही जागा होती. ‘प्यायलो की आवाज जरा शांत होतात,’ असे कोणी म्हणाले, तर त्याला खोडून न काढता समुपदेशक म्हणतो, ‘म्हणजे दारूने तुम्हाला थोडी उसंत मिळते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?’ पुढचे रुग्णच बोलतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी असा संवाद झालेल्या दुहेरी निदानाच्या रुग्णांपैकी 42 टक्के जण बाह्यरुग्ण विभागातील पहिल्या भेटीला आले. इतरांमध्ये हे प्रमाण 16 टक्के होते.

मात्र मूळ पद्धत जशीच्या तशी चालत नव्हती. विचारांची साखळी तुटणाऱ्या रुग्णासाठी येल विद्यापीठातील स्टीव्ह मार्टिनो व सहकाऱ्यांनी 2002 साली तिच्यात बदल सुचवले : वाक्ये छोटी, एका वेळी एकच प्रश्न, सारांश वारंवार आणि बोलताना पुरेसा विसावा. माझ्या मते या पद्धतीच्या इतिहासातला हा सर्वांत माणुसकीचा टप्पा आहे.

यशाला मर्यादाही होत्या. ब्रिटनमध्ये 327 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या संवादाला बोधात्मक वर्तनोपचाराची (विचार आणि वागणूक बदलायला मदत करणाऱ्या उपचाराची) जोड दिली होती. त्यातून नशेचे प्रमाण घटले, पण रुग्णालयात दाखल होणे किंवा आजाराची लक्षणे कमी झाली नाहीत.

आपल्याकडे गोव्यात ‘संगत’ संस्थेने याच पद्धतीच्या आधारे दारूविषयक समुपदेशन उभे केले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 377 पुरुषांवरील चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. त्यात तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के, तर इतरांपैकी 26 टक्के पुरुष धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते. समोर बसून ऐकणारे समुपदेशक डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक होते.